दगडाबरोबर आलेलं

बेंगळुरूहून रात्रीच्या बसनं आला दगड,
थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या कागदात गुंडाळलेला.
पावतीवर लिहिलं होतं : मश्रूम कोरल, नग एक.
मी मोजून घेतला.
एकच होता.

शहापुरात, माझ्या घड्याळाच्या दुकानामागं
दोन फुटी काचेत समुद्र आहे.
म्हणजे गाळलेलं पाणी, पोत्यातलं मीठ, दोन बारक्या मोटारी,
आणि वीज गेली की
वाटीनं पाणी ढवळत बसणारी शकू :
"खरा समुद्र चोर्ला घाटाखाली फुकट हाय."

सतराव्या रात्री वीज गेली.
बॅटरी मारली तर दगडाच्या चिरेत
काहीतरी होतं
आणि लगेच नव्हतं.

कॅम्पात मेल्विनला फोन केला.
आकार? माहीत नाही. रंग? काचेचा.
"मग काचफूलच ते. आज एक, गणपतीपर्यंत चाळीस.
चुन्याची निवळी टोच तोंडात.
कापू नको हं, तुकड्यातून परत उगवतं."

शकूच्या इन्शुलिनच्या सुया घरात असतातच.
वाटीत निवळी काढली, सुई भरली,
बॅटरीवर लाल जिलेटिन चढवलं,
लाल उजेड म्हणे त्यांना कळत नाही.
आणि डोळ्याला लावली ती काच
जिच्यातून एकतीस वर्षं हेअरस्प्रिंगच बघत आलोय.

अर्धा तास. गुडघे बोलायला लागले.

मग एक टोक आलं. मग सगळीच.
काचफुलाचे हात निमुळते होत संपतात.
याचे संपत नव्हते :
प्रत्येकाच्या शेवटी एक मणी, नारिंगी,
घड्याळातल्या ज्वेलएवढा.
मोजले, तेवीस.
पुन्हा मोजले, सव्वीस.

दुसरं एक असतं, बुटकं, हिरवट, फुगऱ्या बोटांचं,
पण ते भरदिवसा पसरून बसतं.
नळीत राहणारं असतं, याला नळी नव्हती.
सुई धरलेला हात पाण्यात तसाच.
आता टोचायचं कुणाला?

सकाळी दूध घालायला आलेली गंगव्वा : "इदु येनु, मामा?"
दुपारी मेल्विन, हेल्मेट काखेत : "कितें रे तें?"
शकू : "काय म्हणायचं ह्याला?"
गोत्तिल्ल. खबर ना. माहीत नाही.

त्याच आठवड्यात टेप घेऊन माणूस आला,
माझ्या पाटीवर कुठली लिपी किती इंच ते मोजायला.
त्यालाही आत नेलं.
दिवसा तिथं नुसतं भोक दिसतं.
तो टेप खिशात घालून
बराच वेळ भोकाकडं वाकून बघत राहिला.
म्हणाला, "नम्म कडे इल्ल."
आमच्याकडं नसतंय असलं.

दोन गोगलगायींचे शंख रिकामे सापडले, आतून पुसल्यासारखे.
बारका तारा होता, तोही कुठं दिसेना.
तेव्हा गरीब बिचारं वगैरे
मी काही म्हणत नाही.

मेल्विननं कुठून तरी चित्र आणलं.
मणी जुळले, देठ जुळला, जागण्याची वेळ जुळली.
नाव इंग्रजीत होतं, चेंडूवरून पडलेलं,
आणि खाली बारीक अक्षरात :
या नावाखाली बहुधा अनेक जाती असाव्यात.

दगड लोणच्याच्या बरणीत हलवला, हवेची नळी सोडली,
दुरुस्तीच्या वहीत ओळ घातली.
आल्याची तारीख : बारा. वस्तू : एक.
बिघाड : नाही.
मालकाच्या रकान्यात पेन टेकवलं
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, सेल बदलायला.

रात्री साडेनऊला, फळीवरच्या घड्याळांत
नऊ चौतीस ते दहा वाजून पाच अशी मतं असताना,
चिमट्यात कारवारच्या कोळंबीचा कण धरला.
एक मणी चिकटला, दुसरा,
मग सगळे हात त्या बाजूला वळले.

"जेवालंय बघ," शकू म्हणाली.

सुई तिथंच आहे, टोपण लावून.
वाटीतल्या निवळीवर
पांढरी साय धरली आहे.